वाटेवरचे नगर

सुरतेहून भुसावळकडे जाणारी रेल्वे नवापूर सोडते आणि डोंगरउतारावरची शेते मागे टाकीत चिंचपाडा नावाच्या एका लहानशा स्थानकावर येते. चिंचांच्या सावलीत वसलेला पाडा, एवढाच त्या नावाचा अर्थ. नवापूर तालुक्यातील या गावाभोवती पावसाळ्यात भाताची खाचरे भरतात, हिवाळ्यात तुरीची शेते पिवळ्या फुलांनी डवरतात आणि बाजारच्या दिवशी मावची, अहिराणी, गुजराती व मराठी अशा चार बोली एकाच झाडाखाली ऐकू येतात.

येथील शाळेत इतिहासाचा तास सुरू झाला, की मुले रायगडावर जातात, अजिंठ्याच्या लेण्यांत जातात, पाटलीपुत्राच्या राजमार्गावरून हिंडतात. नकाशावर बोट ठेवून ग्रीस आणि रोमपर्यंतही जाऊन पोहोचतात. तास संपला, की ती पुन्हा चिंचपाड्यास येतात. इतिहास ही नेहमी दूरच्या गावची वस्तू आहे, आपल्या गावावरून रेल्वे तेवढी जाते, अशी त्यांची समजूत होऊन बसलेली असते. वडीलधाऱ्यांनीही ती कधी मोडलेली नसते. हा मुलूख मागासलेला, डोंगराळ, एका कोपऱ्यातला, असे शब्द त्यांच्या कानांवर इतक्या वेळा पडलेले असतात, की ते खरेच असले पाहिजेत असे मुलांना वाटू लागते.

परंतु हीच रेल्वे खांडबारा ओलांडून थोड्या वेळाने ज्या नंदुरबार शहरास पोहोचते, ते शहर खानदेशातील अतिशय जुन्या वस्त्यांपैकी एक आहे. आज ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. जिल्हा नवा असला, तरी गाव मात्र फार पुरातन आहे.

प्रथमदर्शनी हे कोणास खरे वाटणार नाही. स्थानकाबाहेर पडलेल्या पाहुण्यास येथे उंच तट दिसत नाहीत, की भव्य वेशी आणि राजवाडे दिसत नाहीत. दिसतात त्या बाजाराच्या गल्ल्या, धान्याची दुकाने, हातगाड्या, शाळेला निघालेली मुले. हंगामात शहराबाहेर पडले, तर मात्र एक दृश्य असे दिसते, की पाहणाऱ्याची पावले थबकतात. मोकळ्या जागेत दूरवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. या जागांना येथे पथारी म्हणतात. जमिनीवर कोणी लाल जाजम अंथरले आहे असा भास होतो. त्या जाजमावरून बायका वाकून वाकून मिरची खालीवर करीत असतात आणि वाऱ्याची झुळूक आली, की रस्त्याने जाणारा माणूस शिंकतो. नंदुरबारच्या मिरचीचा बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. पण ही झाली आजची ख्याती. शहराचे प्राचीनत्व कशात शोधावे?

युरोपच्या बाल्कन प्रदेशात, बल्गेरिया देशात, प्लोव्दिव्ह नावाचे एक प्राचीन शहर आहे. मारित्सा नदीच्या काठी टेकड्यांवर ते वसलेले आहे. अलेक्झांडरचा पिता फिलिप याने ते इ. स. पूर्व ३४२ मध्ये जिंकून त्यास स्वतःचे नाव दिले. पुढे रोमन आले, त्यांच्यामागून बायझंटाइन आले, नंतर तुर्क आले. तेथे एका टेकडीच्या उतारावर रोमन काळातील दगडी नाट्यगृह आहे. कित्येक शतके ते मातीखाली गाडलेले होते. विसाव्या शतकात, १९७० नंतरच्या दशकात, खोदकाम होऊन ते पुन्हा उजेडात आले. गावाच्या मुख्य रस्त्याखाली रोमन लोकांचे क्रीडांगण आहे आणि त्याच्या एका टोकाजवळ तुर्कांनी बांधलेली मशीद उभी आहे. एकाच जागी माणसांनी युगानुयुगे कसा संसार केला, हे तेथे डोळ्यांना दिसते. आणि एवढी माणसे तेथेच का आली? कारण उघड आहे. मध्य युरोपातून कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारा मोठा रस्ता त्या शहरावरून जात होता.

नंदुरबारचे रहस्यही रस्त्यातच आहे. मात्र येथे दगड थोडे उरले आहेत. जे काही उरले आहे, ते मातीत आणि प्रवाशांच्या वह्यांत.

भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उघडून पाहावा. उत्तरेस सातपुड्याची रांग पसरली आहे. दक्षिणेस सह्याद्रीचा शेवटचा पसारा आहे. या दोहोंच्या मधून तापी नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते. दख्खनच्या किंवा माळव्याच्या माणसास पश्चिम किनाऱ्यावर उतरावयाचे असेल, तर डोंगरांच्या भिंतीत त्याला खिंडार हवे. तापीचे खोरे हे असे खिंडार आहे. नंदुरबार त्याच्या तोंडाशी वसले आहे, आणि नवापूर, चिंचपाडा, खांडबारा ही गावे किनाऱ्याकडून येणाऱ्या वाटेच्या अंगावर आहेत.

ही वाट किती जुनी असावी? त्याचे उत्तर तापीकाठच्या प्रकाशे या गावी मिळते. नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना हे गाव लागते. येथे गोमाई नदी तापीला मिळते. संगमावर केदारेश्वराचे व इतर देवांची मंदिरे आहेत. लोक या क्षेत्रास दक्षिण काशी म्हणतात, आणि गुरू सिंह राशीस आला म्हणजे दर बारा वर्षांनी येथे गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. याच गावात नदीच्या काठी पांढरीचा एक मोठा उंचवटा आहे. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे खेड्यातल्या मुलास सांगावयास नको. घरे पडतात, त्यांच्या मातीवर नवी घरे उभी राहतात, राख आणि खापऱ्या साचत जातात, आणि हजारो वर्षांनी त्या पांढरीची टेकडी होते.

१९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी ही टेकडी शास्त्रीय रीतीने खणली. वरून खाली जाताना एकेक काळ मागे पडत गेला. अगदी तळाशी जे लोक राहत होते, ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. गारगोटीसारख्या दगडांची बारीक, धारदार पाती ते काढीत, थोडेफार तांबे वापरीत आणि मडक्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढीत. त्यानंतर बराच काळ ती जागा ओस पडलेली दिसते. लोक का गेले, हे माती सांगत नाही. पुढे लोखंड वापरणारे लोक तेथे आले, आणि मग वस्ती थेट अकराव्या शतकाच्या सुमारापर्यंत चालू राहिली.

या खोदकामात एक गोष्ट फार मोलाची सापडली. तळच्या थरांत माळव्याच्या धर्तीची मडकी आहेत, आणि त्यांच्या सोबतीने जोर्वे धर्तीचीही आहेत. जोर्वे हे गाव प्रवरा नदीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. म्हणजे उत्तरेकडची रीत आणि दक्षिणेकडची रीत तापीच्या काठी एकत्र नांदत होती. राजे नव्हते, किल्ले नव्हते, लिहिणारा कोणी नव्हता. पण वाट होती, आणि वाटेने माणसे, मडकी व मडकी घडविण्याच्या रीती येत-जात होत्या. फुटक्या खापरीने द्यावी इतकी सच्ची साक्ष पुष्कळदा शिलालेखसुद्धा देत नाही, कारण खापरीला कोणाची स्तुती करावयाची नसते.

प्रकाशे ओस पडत असताना नंदुरबारचे नाव पुढे येऊ लागते. ते कोणी वसविले, याविषयी नंद नावाच्या गवळी राजाची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ती कथा आहे. तिला कागदाचा पुरावा मागू नये. पण कागदाचा पुरावा जेव्हा मिळतो, तेव्हा तो मिळतो आफ्रिकेतून आलेल्या एका प्रवाशाकडून.

इब्न बतूता हा मोरोक्को देशातील टँजिअर या गावचा. १३०४ मध्ये तो जन्मला आणि ऐन तारुण्यात घर सोडून निघाला, तो जग पाहत पाहत दिल्लीस महंमद तुघलकाच्या दरबारी येऊन पोहोचला. सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठविले. १३४२ मध्ये घोडे, वस्त्रे आणि इतर नजराणे घेऊन तो दिल्लीहून निघाला. जहाजे खंबायतच्या बाजूस मिळणार होती. म्हणून तो दौलताबादेस आला आणि तेथून समुद्राकडे वळला. त्या वाटेवर त्याला जे गाव लागले, त्याचे नाव तो नद्रबार असे लिहितो. तेच आपले नंदुरबार.

गाव लहान आहे, असे तो सांगतो. येथे मराठे लोक राहतात. ते कलाकुसरीत निपुण आहेत. त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. ते भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात. मुक्या प्राण्यास दुखविणे त्यांना आवडत नाही. जेवणापूर्वी ते स्नान करतात. सात पिढ्यांच्या आतील नात्यात सोयरीक करीत नाहीत. मद्य पिणे हा ते मोठा दोष समजतात. ब्राह्मण आणि क्षत्रिय हे त्यांच्यातील प्रतिष्ठित लोक, असेही त्याने नोंदविले आहे.

केवढी बारीक नजर! या प्रवाशाने कैरो पाहिले होते, मक्का, दमास्कस आणि कॉन्स्टँटिनोपल पाहिले होते. अशा माणसाला खानदेशातील एका लहान गावच्या तेलाची आणि जेवणाची नोंद करावीशी वाटली. अर्थात त्याने जे पाहिले, ते गावातील प्रतिष्ठितांच्या घरचे. गावाभोवतीच्या रानात राहणारे, लाकूड व मध घेऊन बाजारास येणारे, हातात धनुष्य असलेले जे लोक असतील, त्यांच्या जेवणाविषयी तो काही लिहीत नाही. सरकारी वकिलाचा मुक्काम त्यांच्या झोपडीत कशाला पडेल?

नंदुरबारहून तो पुढे सागर नावाच्या शहरी गेला. हे सागर म्हणजे गुजरातेतील सोनगड असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे अठराव्या शतकात गायकवाडांनी आपले पहिले ठाणे केले, तेच हे सोनगड. आता पुन्हा नकाशा पाहावा. नंदुरबारहून सोनगडास जावयाचे, तर मध्ये कोणता मुलूख लागतो? खांडबाऱ्याचा, चिंचपाड्याचा, नवापूरचा. चीनच्या बादशहासाठी निघालेले दिल्लीचे घोडे याच टापूतील कोणत्या तरी ओढ्यावर पाणी प्याले असतील.

त्यानंतरच्या राजकारणाचा पाढा लांब आहे, तो येथे पुरता वाचण्याचे कारण नाही. गुजरातचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी राजे यांच्या सीमेवर हे गाव होते. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाने सुलतानपूर व नंदुरबार हे परगणे फारुकींना देऊन टाकले. सीमेवरच्या गावाचे असेच होते. दोघे शेजारी त्याला आपले म्हणतात आणि एखाद्या दिवशी ते भेटवस्तूसारखे या हातातून त्या हातात जाते. अकबराच्या काळी नंदुरबार हे एका सरकारचे ठाणे होते, आणि ते सरकार माळवा सुभ्यात मोडत असे.

सीमांचा हा खेळ आजही संपलेला नाही. मात्र तो आता निरुपद्रवी झाला आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, तेव्हा नव्या सीमेची रेघ नवापूरच्या रेल्वे स्थानकातून गेली. एकच फलाट, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. प्रवासी एका बाकावर बसून दोन राज्यांत बसल्याची मौज अनुभवतात.

मोगल काळात सुरत हे हिंदुस्थानचे मोठे बंदर झाले, आणि तापीच्या वाटेचे भाग्य उजळले. सुरतेहून निघालेला व्यापारी बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करीत बऱ्हाणपुरास जाई आणि तेथून आग्र्याचा रस्ता धरी. या वाटेने चालत गेलेल्यांत झाँ बाप्तिस्त टॅव्हर्निअर हा फ्रेंच जवाहिऱ्या होता. १६३८ ते १६६८ या काळात तो अनेकदा हिंदुस्थानात आला. हिरे, मोती आणि माणके पारखणे हा त्याचा धंदा. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. नंदुरबारला तो नासरबार म्हणतो.

त्याच्या पुस्तकात नवापूरविषयी जो मजकूर आहे, तो चिंचपाड्याच्या प्रत्येक मुलाने वाचावा असा आहे. नवापूर हे मोठे खेडे असून तेथे विणकर पुष्कळ आहेत, पण खरा व्यापार तांदळाचा, असे तो म्हणतो. तेथून एक नदी वाहते. तिच्या पाण्याने जमीन सुपीक झाली आहे आणि भातशेतीला पाणी मिळते. या मुलखात पिकणाऱ्या तांदळाचा दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्म्या आकाराचा असतो. शिजल्यावर तो बर्फाहून पांढरा दिसतो आणि त्याला कस्तुरीसारखा सुवास येतो. हिंदुस्थानातील सरदार दुसरा तांदूळ खात नाहीत. इराणात एखाद्यास खूश करावयाचे असेल, तर या तांदळाचे एक पोते भेट न्यावे!

ज्या माणसाने मोगल बादशहाच्या खजिन्यातील रत्ने हातात घेऊन पाहिली, त्याने नवापूरच्या तांदळाच्या दाण्याचीही अशी पारख केली. इराणच्या अमीरांच्या ताटात ज्याचा घमघमाट सुटे, तो तांदूळ रंगावलीच्या परिसरात चिखलात उभे राहून कोणी लावला असेल? आज चिंचपाड्याच्या शाळेत जी मुले बसतात, त्यांच्याच पूर्वजांपैकी कोणी असतील. टॅव्हर्निअरने तांदळाचा रंग लिहिला, वास लिहिला, आकार लिहिला. लावणी करणाऱ्याचे नाव त्याने लिहिले नाही. जवाहिऱ्यालाही प्रत्येक रत्न दिसत नाही.

याच वाटेने बंजाऱ्यांचे तांडेही जात. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, असे टॅव्हर्निअर सांगतो. पाठीवर धान्य, तांदूळ किंवा मीठ लादलेला असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, की प्रवाशांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागे. आजच्या महामार्गावरील खोळंबा पाहून जे त्रस्त होतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण वाट नेहमी सुगंधच वाहून आणीत नाही. १६३० साली पाऊस पडला नाही. गुजरात आणि खानदेश होरपळून निघाले. दुसऱ्या वर्षी पडला, तो इतका, की होते नव्हते ते वाहून गेले. त्याआधी, १६३० च्या नोव्हेंबर महिन्यात पीटर मंडी नावाचा एक इंग्रज, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, सुरतेहून आग्र्यास निघाला होता. त्याने रोजच्या रोज वही लिहिली. नवापूर, नंदुरबार ही नावे त्या वहीत आहेत. परंतु तेथे तांदूळ नाही, सुवास नाही. सुरतेपासून नंदुरबारपर्यंत वाट मृतदेहांनी भरलेली होती, असे तो लिहितो. गावे ओस पडली होती. भुकेलेली माणसे वाटसरूंकडे हात पसरीत होती. त्याच सुमारास, वाटेच्या दुसऱ्या टोकाला, बऱ्हाणपूर येथे शहाजहान बादशहाची छावणी पडली होती. जून १६३१ मध्ये त्याची राणी मुमताजमहल तेथेच मरण पावली. तिच्यासाठी जगातील एक अतिसुंदर वास्तू उभी राहिली. नंदुरबारच्या वाटेवर जे मेले, त्यांची आठवण एका परक्या नोकराच्या वहीतील काही ओळींत तेवढी शिल्लक आहे. इतिहास शिकताना या दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत, हे विसरू नये.

गाव त्यातूनही उठले. १६६६ च्या सुमारास इंग्रजांनी नंदुरबार येथे वखार घातली, यावरून तेथे पुन्हा व्यापार भरभराटीस आला होता हे दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात धामधूम माजली, १८०३-०४ चा दुष्काळ पडला, आणि १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यातील पुष्कळ गावे उजाड झालेली होती. मग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्याची रेल्वे आली. तिच्या अभियंत्यांनी सुरतेहून पूर्वेकडे जाण्यासाठी कोणता मार्ग धरला? व्यारा, सोनगड, नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार. बैलांच्या खुरांनी जी वाट शतकानुशतके शोधून ठेवली होती, तिच्याच अंगाने रूळ पडले. साहेबांच्या दुर्बिणीला बैलांपेक्षा अधिक काही दिसले नाही, असे म्हटल्यास अभियंत्यांनी रागावू नये.

वाटेवरच्या गावात नाना प्रकारचे लोक येऊन स्थिरावतात. नंदुरबारात गुजराती व्यापारी आले, मराठी कारकून आणि शिक्षक आले, खानदेशातील शेतकरी आले, सातपुड्यातील आदिवासी बाजारास येऊ लागले. येथे दंडपाणेश्वराच्या गणपतीला लोक जातात, खोडाई मातेच्या यात्रेस जातात आणि इमाम बादशाहाच्या दर्ग्यावरही जातात. गणेशोत्सवात दादा गणपती आणि बाबा गणपती यांच्या रथांची भेट होते. तिला हरिहर भेट म्हणतात आणि ती पाहण्यास सारे शहर जागे राहते. नंदुरबारच्या बाजारात दोन माणसे भांडू लागली, तर एक वाक्य मराठीत, दुसरे अहिराणीत आणि शेवटचे गुजरातीत होते, असे गमतीने म्हणता येईल.

अशाच एका गुजराती व्यापारी घरात २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमार मेहता याचा जन्म झाला. नंदुरबारच्या शाळेत तो शिकत होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत महात्मा गांधी आणि इतर पुढाऱ्यांना अटक झाली, आणि देशभर चलेजाव चळवळीचा वणवा पेटला. त्या घटनेस बरोबर एक महिना झाला, त्या दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. हातात तिरंगा होता. मुखी गुजराती घोषणा होती, आम्ही नमणार नाही अशा अर्थाची. मिरवणूक गल्ल्यांतून फिरत माणिक चौकात आली. पोलिसांनी ती अडविली आणि मुलांना पांगण्यास सांगितले. मुले पांगली नाहीत. एका शिपायाने मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने बंदूक रोखली, तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि गोळी घालावयाची तर मला घाला, असे म्हणाला, अशी हकीकत नंदुरबारात सांगतात. गोळ्या सुटल्या. शिरीषकुमार पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हेही पडले.

ज्या गावातून वकील, जवाहिरे, बादशहांचे सरदार आणि कंपनीचे नोकर गेले, त्या गावाने त्यांच्यापैकी कोणाचेही स्मारक उभारलेले नाही. तटबंदीचे दगड कोणी कोठे नेले, याची चौकशीही कोणी करीत नाही. स्मारक आहे ते या मुलांचे. दर वर्षी ९ सप्टेंबरला शाळांतील मुले तेथे फुले वाहतात आणि पाचही नावे मोठ्याने घेतली जातात. या पाचांत तीन आडनावे गुजरातकडची वाटतात, एक खानदेशातील वाण्याचे आणि एक कोकणाकडचे. सहा शतकांपूर्वी इब्न बतूताला जे लहानसे गाव दिसले होते, त्यात वाटेने कोण कोण येऊन मिळाले, ते या नावांवरून कळते.

त्या दिवशी शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याला सोळावे पूर्ण होण्यास आणखी साडेतीन महिने उरले होते.